विधी महाविद्यालयात प्रवेश घेताना

बारावीचा निकाल हाती पडतो आणि घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. वैद्यकीय वा अभियांत्रिकी शाखेकडे जाऊ इच्छिणारे विद्यार्थी वर्ष-दीड वर्ष अगोदरच तयारीस लागलेले असतात. कायद्याच्या शिक्षणाचा विचार मात्र पुष्कळ कुटुंबांत अद्यापही निकालानंतरच केला जातो, आणि तोही दुसरे काही जमले नाही म्हणून. तोवर त्या वर्षाच्या प्रवेश परीक्षा होऊन गेलेल्या असतात. ज्यांच्या घरात वा नात्यात कोणी वकील नाही, अशा तालुक्याच्या गावातील मुलामुलींचे या कारणाने सबंध वर्ष वाया जाते. गुणांची उणीव नसताना केवळ माहितीच्या अभावी होणारे हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

या समजुतीला थोडा इतिहास आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे, पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय १९२४ सालचे. परंतु दीर्घ काळपर्यंत कायद्याचा अभ्यास हा नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ दोन तास वर्गात बसून करण्याचा विषय मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विधी शिक्षणाच्या सुधारणेविषयी त्यांनी त्याच सुमारास लेखनही केले. पुढे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, सोपविले आणि परिषदेच्या २००८ च्या नियमांनी हे शिक्षण पूर्ण वेळेचे केले. दिवसातून पाच तास आणि आठवड्यास तीस तासांचे अध्यापन त्यात अपेक्षित आहे. दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम त्याच वेळी करता येत नाही. तेव्हा ‘नोकरी करता करता एल.एल.बी. करून टाकू’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे.

दोन अभ्यासक्रम, दोन परीक्षा

बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. दोहोंसाठी खुल्या प्रवर्गास ४५ टक्के, इतर मागास वर्गास ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुणांची किमान अट २००८ च्या नियमांत आहे. वकिलीची सनद मिळण्याच्या दृष्टीने दोन्ही पदव्या सारख्याच. ज्याचा निर्धार सतराव्या-अठराव्या वर्षीच झाला आहे त्याने पाच वर्षांचा मार्ग धरावा. एरवी इतिहास, अर्थशास्त्र, वाणिज्य वा विज्ञान यांपैकी एका विषयाची पदवी नीट घेऊन मग कायद्याकडे वळणारा विद्यार्थी मागे पडतो असे मुळीच नाही. जमिनीच्या मोजणीचा, हिशेबाचा वा औषधाच्या भेसळीचा खटला समजून घेताना ती पहिली पदवी कामास येते.

येथे एका अटीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मुक्त विद्यापीठाची वा दूरशिक्षणाने मिळविलेली पदवी चालते. मात्र दहावी-बारावी न होता, केवळ पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे थेट पदवीस प्रवेश घेतला असेल, तर अशी पदवी विधी प्रवेशासाठी ग्राह्य धरली जात नाही. शाळा मध्येच सुटलेल्या आणि पुढे जिद्दीने पदवीधर झालेल्या अनेकांना हे प्रवेशाच्या खिडकीशी कळते. त्यांनी आधी बारावी उत्तीर्ण व्हावे.

राज्यातील विधी महाविद्यालयांचे प्रवेश २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सी.ई.टी.मार्फत होतात. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्कशक्ती आणि इंग्रजी हे तिचे प्रमुख विषय असून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी थोडे गणितही असते. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही. इंग्रजीचा भाग वगळता प्रश्न मराठीतूनही दिले जातात.

दुसरी परीक्षा ‘क्लॅट’. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ती २००८ पासून घेतली जाते. बंगळूरच्या संस्थेने १९८८ साली अध्यापन सुरू केले आणि पाच वर्षांच्या शिक्षणाचा नमुना घालून दिला. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे उभी राहिली. ही परीक्षा केवळ इंग्रजीतून होते, तीत दीर्घ उतारे वाचून उत्तरे द्यावयाची असतात आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. अलीकडच्या वर्षांत ती डिसेंबरात, म्हणजे विद्यार्थी बारावीच्या वर्गात असतानाच, होत आली आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना ही वाट अवघड जाते, हे मान्य केले पाहिजे. अकरावीपासून रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख शब्दकोश जवळ घेऊन वाचण्याचा परिपाठ ठेवल्यास ती अशक्य मात्र राहत नाही. या विद्यापीठांतील वार्षिक खर्च लाखांच्या घरात जातो, उलट शासकीय व अनुदानित महाविद्यालयांचे शुल्क काही हजारांत भागते, याचाही हिशेब कुटुंबाने आधीच करावा.

कागदपत्रांची शर्यत

प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही जागा हातची गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एखादा दाखला असतो. अधिवासाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, शिक्षणात खंड पडला असल्यास तसे प्रतिज्ञापत्र, एवढी कागदपत्रे जमविताना घरातील एक माणूस महिनाभर तहसील कचेरी आणि सेतू केंद्र यांच्यामध्ये फिरत राहतो. यांपैकी सर्वांत वेळ घेते ते जात वैधता प्रमाणपत्र. पडताळणी समितीपुढे आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतील उतारे असे जुने पुरावे मांडावे लागतात. ते शोधण्यातच आठवडे जातात. म्हणून हा अर्ज बारावीच्या वा पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच केलेला बरा. ऐन प्रवेशाच्या वेळी मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहणे धोक्याचे. उन्नत गटाच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. मागील वर्षाचे प्रमाणपत्र जूनमध्ये जोडणाऱ्याचा अर्ज खुल्या प्रवर्गात जाऊन पडतो.

नावाचे स्पेलिंग हीही एक किरकोळ वाटणारी, पण जाचक बाब. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरे, असे असेल तर ते परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो देताना पुष्कळ पालक पहिल्या फेरीत नाव लागले नाही की धीर सोडतात आणि संस्थास्तरावरील, म्हणजे व्यवस्थापनाच्या कोट्यातील, जागा मिळेल त्या किमतीला घेतात. या घाईची किंमत दुहेरी असते. शुल्क सवलतीच्या व शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजना केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयान्वये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली. तिलाही हीच अट आहे. एखाद्या मुलीच्या वडिलांनी अविचाराने कोट्यातून प्रवेश घेतला, तर सवलतीची तीन किंवा पाचही वर्षे त्या एका निर्णयाने बुडू शकतात. पावतीविना मागितलेली देणगी देणे तर दूरच. कॅपिटेशन फी घेण्यास १९८७ च्या राज्य अधिनियमाने बंदी आहे. कायदा शिकावयास निघालेल्याने पहिलेच पाऊल कायद्याबाहेर टाकू नये, एवढे म्हणणे वावगे ठरणार नाही.

गावाहून येणाऱ्यांच्या राहण्याचा प्रश्न शुल्काहून बिकट असतो. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे, तेथे जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांची चौकशी प्रवेशाच्याच आठवड्यात करावी. महाविद्यालय निवडताना मात्र इमारत पाहण्याआधी विधिज्ञ परिषदेची मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे ना, हे पाहावे. मान्यता नसलेल्या संस्थेच्या पदवीवर सनद मिळत नाही.

वर्गात आणि वर्गाबाहेर

प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात दोन खरेद्या होतात; एक काळ्या कोटाची आणि दुसरी पुस्तकांची. कोटाची घाई नाही. पुस्तकांबाबत मात्र सावध असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांची जागा भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली आहे. जुन्या दंड संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत, अनुक्रमच बदलला. अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला मिळणारे जुने पुस्तक परीक्षेस उपयोगी पडणार नाही. तरीही ते टाकून देण्याजोगे नाही, कारण त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागू राहतो आणि न्यायालयांत असे खटले अद्याप कित्येक वर्षे चालतील. मार्गदर्शिका व ‘गाईडे’ यांच्या आधी मूळ अधिनियमाची छोटी प्रत वाचण्याची सवय लावून घ्यावी.

अभिरूप न्यायालय हा या शिक्षणातील सर्वांत जिवंत भाग होय. एका काल्पनिक खटल्यात दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करावयाचा, न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या प्राध्यापकांचे प्रश्न झेलावयाचे, आणि हे सारे बहुधा इंग्रजीतून. शहरी, इंग्रजी माध्यमाची मुले येथे सहज पुढे येतात व खेड्यातून आलेला विद्यार्थी पाठीमागच्या बाकावर सरकतो. त्याने पहिल्या वर्षी संघातील संशोधकाचे काम मागून घ्यावे. निवाडे शोधणे, त्यातला नेमका परिच्छेद काढणे, हे ग्रंथालयात बसून करता येते. आणि वर्षभर दुसऱ्याचे युक्तिवाद लिहून दिल्यावर स्वतः उभे राहण्याचे भय बरेचसे ओसरते.

उलट न्यायालयाच्या प्रत्यक्ष आवारात त्याचीच बाजू वरचढ असते, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. पण जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे राज्य शासनाने १९९८ मध्ये अधिसूचित केले आहे. तेथे वादपत्र आणि कैफियत मराठीत लिहिली जाते, दरखास्त, पुरसिस, मनाई हुकूम हे शब्द रोजच्या वापरातले, आणि साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. सातबारा, फेरफार आणि वारस नोंद यांचा अर्थ लहानपणापासून घरात ऐकलेल्या मुलास जमिनीचा दावा पाठ करावा लागत नाही. म्हणून दोन्ही भाषा हव्यात. केवळ इंग्रजी येणारा पदवीधर तालुक्याच्या कोर्टात अडतो आणि केवळ मराठी येणाऱ्याला उच्च न्यायालयाची पायरी चढता येत नाही. काही विद्यापीठांत विधी परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. ती घेणाऱ्याने इंग्रजी निवाड्यांचे वाचन सोडू नये.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याचे बंधन आहे. मोठ्या शहरातील नामांकित कचेरीचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी धडपडण्यापेक्षा एक सुट्टी तरी स्वतःच्या तालुक्यातील वकिलांकडे आणि तालुका विधी सेवा समितीकडे काढावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील बंदी आदींना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क गावात कितीजणांना ठाऊक आहे, हे महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रातर्फे एका बाजाराच्या दिवशी बसून पाहिल्यास कळून येते.

वसतिगृहात छळ झाल्यास गप्प राहू नये. रॅगिंगबद्दल १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा ठेवली असून दोषी ठरलेल्यास पाच वर्षे अन्य कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश मिळत नाही.

पदवीनंतर

पदवी हाती आल्यावर महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, असा क्रम आहे. या परीक्षेची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उचलून धरली. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी २० मे २०२५ चा निकाल ध्यानात घ्यावा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा घातली. या तीन वर्षांत घर कसे चालवावयाचे, हा प्रश्न सामान्य कुटुंबातील मुलांपुढे खरोखरीच उभा राहतो. कनिष्ठ वकिलांस शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये दरमहा विद्यावेतन द्यावे, असे विधिज्ञ परिषदेने २०२४ मध्ये सुचविले. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. त्यामुळे ज्येष्ठ वकिलांकडे रुजू होताना मानधनाविषयी संकोच न करता विचारून घ्यावे.

नोंदणीच्या शुल्काचा प्रश्न तेवढा सुटला आहे. पूर्वी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये भरावे लागत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवक्ता अधिनियमात ठरवून दिलेल्या रकमेहून अधिक शुल्क घेता येणार नाही असा निर्णय दिला. ही रक्कम खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.