तांबडे यीस्ट आणि कोळंबीचे खाद्य

जवसाचे किंवा भुईमुगाचे तेल फार दिवस उघडे राहिले की खवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हवेतील प्राणवायूशी तेलाचा संयोग होऊन हा बिघाड घडतो. सजीवांच्या पेशींतील स्निग्ध द्रव्यांसही असाच धोका असतो. त्यास अटकाव करणाऱ्या पदार्थांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. अ‍ॅस्टाझँथिन हे तांबडे रंगद्रव्य त्यांपैकीच एक होय. शिजविलेली कोळंबी तांबडी दिसते ती याच द्रव्यामुळे.

कोळंबीस हे द्रव्य मुळापासून तयार करता येत नाही. निसर्गात ते तिला अन्नातून मिळते. तळ्यात दाट वाढविलेल्या कोळंबीस मात्र ते खाद्यातून पुरवावे लागते. बाजारातील पुष्कळसे अ‍ॅस्टाझँथिन रासायनिक कारखान्यांत तयार होते व ते महाग असते. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष यीस्टकडे वळले.

निसर्गातील यीस्ट

कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्मन फाफ यांना जपान व अलास्का येथील झाडांच्या पाझरणाऱ्या रसात एक तांबूस यीस्ट आढळले. १९७६ साली त्यास फॅफिया रोडोझायमा असे नाव देण्यात आले. साखर कारखान्यातील मळीवरही ते वाढते. परंतु १ किलो वाळलेल्या यीस्टमागे रंगद्रव्य मिळते सुमारे २०० ते ४०० मिलिग्रॅम. एवढ्याने खर्च भरून निघणे कठीण.

उत्पादन कसे वाढविले

पाव फुगविणारे नेहमीचे यीस्ट असे रंगद्रव्य मुळीच तयार करीत नाही. मात्र त्यासाठी लागणारा कच्चा माल त्याच्या पेशीत असतो. तांबड्या यीस्टमधील जनुके त्यात घातली की रंगद्रव्य बनू लागते. तरीही उत्पन्न थोडेच येते. कारण बराचसा कच्चा माल पेशीच्या आवरणास लागणारा स्निग्ध पदार्थ बनविण्यात खर्च होतो. विहिरीचे पाणी कमी असेल, तर शेतात नवा पाट काढून काय उपयोग? आधी मुख्य पाटाचे पाणी वाढवावे लागते. त्याप्रमाणे कच्चा माल तयार करणाऱ्या एंझाइमचे जनुकही वाढविण्यात आले. या रीतीने नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ साली १ ग्रॅम वाळलेल्या यीस्टमध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळविले. या बीटा-कॅरोटीनवर आणखी दोन प्रक्रिया झाल्या की अ‍ॅस्टाझँथिन बनते, आणि त्यांची जनुकेही यीस्टमध्ये घालता येतात.

शेतकऱ्यांनी काय ध्यानात ठेवावे

जनुके बदललेले सूक्ष्मजीव हाताळण्यासाठी आपल्या देशात १९८९ चे नियम लागू आहेत. असे जिवंत यीस्ट कोणी देऊ केले, तरी ते घरी वाढवू नये किंवा तळ्यात सोडू नये.

यीस्टयुक्त खाद्य घेताना यीस्टचे कवच फोडलेले आहे काय, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी. कवच टणक असल्याने ते न फोडल्यास आतील रंगद्रव्य पचनात नीट उतरत नाही व पैसा वाया जातो. ऊन व हवा यांनी हे द्रव्य नाश पावते. म्हणून पिशवी तोंड बांधून सावलीत, कोरड्या जागी ठेवावी.

खाद्याचा तांबडा रंग ही त्याच्या कसाची खूण नव्हे. प्रथम प्रथिनांचे प्रमाण व तयार केल्याची तारीख पाहावी, आणि मगच रंगाचा विचार करावा. ग्रामसेवकांनी ही गोष्ट कोळंबी-संवर्धकांस आवर्जून समजावून सांगावी.