फिरता निरोप आणि शाळेचे ग्रंथालय

ग्रंथालयात नवे पुस्तक आले म्हणजे ते एकदम वाचकाच्या हाती पडत नाही. प्रथम दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. ग्रंथकर्ता कोण, प्रकाशक कोण, आवृत्ती कितवी, साल कोणते, किंमत काय, कोणाकडून आले, हे सारे एका ओळीत लिहिले जाते. त्याला क्रमांक मिळतो, आणि मगच ते कपाटात जाते. काम मोठे नीरस खरे. शाळेतील मुलांचे त्याकडे लक्षही जात नाही. परंतु ह्या नीरस कामामागे एक महत्त्वाची गोष्ट गृहीत धरलेली असते. छापलेल्या मजकुराला कोणी तरी धनी असतो, आणि त्याचे नावगाव विचारण्याचा वाचकाला अधिकार असतो, ही ती गोष्ट होय.

समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या निरोपाचा प्रकार नेमका उलटा आहे. व्हॉट्सॲपवर हातोहात आलेल्या मजकुराला बहुधा कर्ता नसतो, साल नसते, गाव नसते. पाठविणारा असतो, पण तो काका, शेजारी किंवा वर्गमित्र असतो, आणि त्यालाही तो मजकूर तिसऱ्याच कोणाकडून मिळालेला असतो. अशा वेळी वाचणाऱ्याचा विश्वास मजकुरावर नसतो, नात्यावर असतो. जुन्या काळी पारावरची बातमीही अशीच पसरत असे. पण ती वेशीपर्यंत जाता जाता थकत असे. हा निरोप थकत नाही.

मुलांनी ह्या माध्यमांपासून दूर राहावे की नाही, हा वाद पुष्कळ रंगतो. तो रंगत असता मुले पुढे निघून गेलेली आहेत. ‘असर’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेले ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. खेड्यापाड्यांतील ही स्थिती आहे. शहरांविषयी वेगळे सांगण्याचे कारण नाही.

ही गोष्ट किती गंभीर होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे निरोप त्या भागात आधीपासून फिरत होते. देशाच्या इतर भागांतही त्या वर्षी अशाच अफवांनी माणसे मारली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने, भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा घालण्यास प्रारंभ केला, आणि पुढे धाडलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. खूण उपयोगाची आहे. पण निरोप दुसऱ्याकडून आला एवढेच ती सांगते. तो खरा की खोटा, हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

शाळांनी ह्या माध्यमांशी आजवर दोन तऱ्हांनी व्यवहार केला. एक तर फोनला फाटकाबाहेर ठेवले. नाही तर त्याला शिपायाचे काम दिले. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा गृहपाठ, चित्रफिती, प्रश्नपत्रिका हे सारे मुख्यतः व्हॉट्सॲपवरूनच घरोघर गेले, आणि त्या अडचणीच्या दिवसांत शिक्षकांनी केलेले हे काम लहान नव्हते. तथापि सूचना वाटणे वेगळे आणि वाचावयास शिकविणे वेगळे. ज्या गटातून गणिताची उदाहरणे येतात, त्याच गटातून ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’ असा बनावट आदेश आला तर तो कसा ओळखावा, हे शिकविणे मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच गेले.

हे शिकविण्याची जागा ग्रंथालयाचा तास ही आहे. त्यासाठी नवे शास्त्र लागत नाही. दाखल नोंदवहीतील रकाने तेवढे निरोपाला लावावे लागतात. एक साधे उदाहरण घेता येईल. भारताचे राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट असल्याचे युनेस्कोने जाहीर केले, असा निरोप वर्षानुवर्षे फिरत आहे. युनेस्कोने असे काहीही जाहीर केलेले नाही. हा निरोप मुलांपुढे फळ्यावर लिहावा आणि त्याचे रकाने भरावयास सांगावे. कोणी जाहीर केले? कोणत्या तारखेस? मूळ पत्रक कोठे आहे? रकाने रिकामे राहतात. मग हीच मुले ‘जन गण मन’ विषयी विश्वकोशात शोधू लागतात. ते गीत २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले आणि २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले, हे त्यांना कळते. ह्या वेळी रकाने भरतात. राष्ट्रगीताविषयीचा अभिमान उणावत नाही, कारण तो युनेस्कोच्या दाखल्यावर कधीच अवलंबून नव्हता. ह्या उदाहरणात आणखी एक सोय आहे. खोटा निरोप नेहमी भीती दाखविणाराच असतो असे नाही, पुष्कळदा तो सुखविणाराही असतो, आणि सुखविणाऱ्या निरोपाची चौकशी करणे अधिक कठीण जाते, हे मुलांना येथे आपोआप उमगते.

दुसरे उदाहरण चित्रफितीचे. मोटारसायकलवरून आलेली दोन माणसे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत २०१८ च्या सुमारास भारतात सर्वत्र दाखविली जात होती. मूळ चित्रफीत कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या अखेरीस ती माणसे मूल परत आणून सोडतात आणि हातातील फलक दाखवितात. फिरणाऱ्या प्रतीतून तो शेवट कापून टाकलेला होता. शेवटचे पान फाटलेले पुस्तक हाती आले तर ग्रंथपाल दुसरी प्रत शोधतो. येथेही दुसरी प्रत शोधणे एवढाच उपाय होता.

दुसरी प्रत शोधण्याची ही सवय विद्वानांनाही असतेच असे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू ह्या संशोधकांनी दहा इतिहासकार, पंचवीस विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता पडताळणारे दहा व्यावसायिक ह्यांना संगणकावरील काही संकेतस्थळे पारखावयास दिली. इतिहासकार व विद्यार्थी पुष्कळदा त्याच पानावर रेंगाळले आणि सुबक मांडणी व भारदस्त नावे ह्यांना भुलले. पडताळणी करणारे मात्र ते पान लगेच सोडून, त्या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणतो, हे पाहावयास गेले. एका पुस्तकावरून उठून दुसऱ्या कपाटाकडे जाण्याचीच ही रीत नव्हे काय?

आता प्रश्न असा, की असे शिकवून खरोखर काही साधते काय? ह्याचे उत्तर भारतातच शोधले गेले आहे, आणि ते सरळ नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन ह्यांनी बिहारमधील गया येथे सुमारे बाराशे प्रौढांवर प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर शिकविले. पण खोट्या बातम्या ओळखण्याच्या शक्तीत त्यामुळे एकंदरीत फरक पडला नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह दुसरा प्रयोग केला. ह्या वेळी ५८३ गावांतील साडेतेरा हजारांहून अधिक विद्यार्थी निवडले, सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेतले, गावोगावच्या ग्रंथालयांत वर्ग भरविले, आणि ते एकदाच न भरविता काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा भरविले. शिकविण्यात भर आरोग्यविषयक अफवांवर होता. मुलांना खरे-खोटे अधिक चांगले ओळखता येऊ लागले. चार महिन्यांनी पाहिले तेव्हाही ती शक्ती टिकून होती, इतकेच नव्हे तर राजकीय अफवांनाही ती लागू पडत होती. विशेष म्हणजे काही प्रमाणात ती त्यांच्या पालकांपर्यंत पोहोचली होती. दोन प्रयोगांत वय निराळे, विषयही निराळा. तेव्हा फरकाचे सारे श्रेय एकाच कारणाला देणे धाडसाचे होईल. तरी एखादे व्याख्यान ठेवून ‘जागृती सप्ताह’ उरकणाऱ्या शाळांनी ह्या दोन प्रयोगांकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावे. केरळातील कण्णूर जिल्ह्यात लसीकरणाविषयीच्या अफवांमुळे प्रशासनास त्रास झाला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने २०१८ साली सुमारे दीडशे सरकारी शाळांत ह्याच हेतूने वर्ग सुरू झाले होते. तेथेही काम शाळेच्या वेळातच बसविले गेले.

पालकांची एक शंका मात्र रास्त आहे. ह्या निमित्ताने मुलाच्या हाती फोन द्यावयाचा काय? त्याची गरज नाही. निरोप कागदावर छापून फलकावर लावता येतो. शोधण्यास शिक्षकाच्या देखरेखीखालील एक संगणक पुरतो, आणि मराठी विश्वकोश तर तेथे विनामूल्य वाचावयास मिळतो. मुलांचा व्हॉट्सॲप गट करणे हे ह्या कामास आवश्यक तर नाहीच, उलट जोखमीचे आहे. कारण गटातील प्रत्येकास इतरांचे दूरध्वनी क्रमांक दिसू शकतात, आणि मुलींच्या बाबतीत ह्याचा उपद्रव काय होतो हे शिक्षकांना सांगावयास नको. वैयक्तिक विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी असे ठरविले आहे.

खरी अडचण निराळीच आहे. बहुतेक प्राथमिक शाळांत ग्रंथपाल हे पदच नाही. पुस्तकांचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत असते, पुस्तक हरवले तर भरून कोण देणार ह्या धास्तीने त्यास कुलूप असते, आणि वेळापत्रकातील ग्रंथालयाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. जेथे एखाद्या शिक्षकाने हा तास राखला आहे, तेथे दाखल नोंदवहीशेजारी आणखी एक वही ठेवण्यास खर्च फारसा येणार नाही. निरोप कोणता, कोणी आणला, मूळ कोठे सापडले, कोणत्या पुस्तकात पडताळला, एवढे रकाने तीत असावेत. आणि शेवटी एक रकाना ‘निर्णय लागला नाही’ असाही असावा, कारण तो पुष्कळदा भरावा लागेल.