सागर, साखर आणि समुद्रफूल

तीर्थपुरीत 'सागर' हे साखर कारखान्याचं नाव. खरा सागर इथून रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब. घनसावंगी तालुक्यातला हा सगळा पट्टा ऊस, कापूस आणि मोसंबीचा. मिठाशी संबंध येतो तो भाजीपुरता. तरी इथल्याही एखाद्या घरात पोरगं मोबाइलवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश बघतं आणि हट्ट धरतं: मला हा मासा हवा, त्याच्या त्या हलत्या फुलासकट.

मासा जमेल. फुलाचं मात्र अवघड आहे, आणि का अवघड आहे ते साखरेच्या गावाला पटकन कळावं.

समुद्रफूल हा प्राणी आहे, प्रवाळाचा आणि जेलीफिशचा भाऊबंद. तोंड एकच, खाल्लेलं आत जातं आणि चोथाही त्याच वाटेने बाहेर येतो. तोंडाभोवतीच्या प्रत्येक शुंडकात विषारी सुया असलेल्या हजारो डब्या दडलेल्या. काही टोचलं-घासलं की पापणी लवायच्या आत सुई सुटते. पण क्लाउनफिशचं यजमानपद करणाऱ्या समुद्रफुलांचं पोट नुसत्या शिकारीवर चालत नाही. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते दिवसा उजेड खातं, साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देऊन टाकतं. म्हणजे ऊस जे शेतात करतो तेच हे शैवाल प्राण्याच्या अंगात बसून करतं. उसाला युरिया लागतो, तसं यालाही नत्र लागतं. ते येतं माशाच्या लघवी-विष्ठेतून. मासा तिथे भाडं देऊनच राहतो म्हणायचं. शिवाय रात्री पंख हलवून तो फुलाभोवतीचं पाणी खेळतं ठेवतो आणि शुंडकं कुरतडायला आलेल्या माशांना हुसकावून लावतो.

आणि त्याला स्वतःला त्या सुया कशा लागत नाहीत? गोम त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात आहे. सियालिक आम्ल नावाचा पदार्थ इतर माशांच्या चिकट थरात भरपूर असतो आणि सुया सुटायला त्याची मदत होते. क्लाउनफिशच्या थरात तो फार कमी. पाहुणा आलाय याची फुलाला जणू दादच लागत नाही. जगात समुद्रफुलांच्या हजारावर जाती आहेत. त्यांतल्या जेमतेम दहा या माशाला थारा देतात.

आता हे सगळं तीर्थपुरीत मांडायचं. दोनशे लिटरची टाकी घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, म्हणजे सात किलो मीठ झालं, आणि तेही स्वयंपाकघरातलं नव्हे, समुद्री टाक्यांसाठीचं खास मिश्रण. पाणी बोअरचं चालत नाही. त्यात जडपणा आणि शेतातून झिरपलेलं नायट्रेट. आरओचं लागतं. पुढची चूक बहुतेक सगळे करतात. एप्रिलच्या उन्हात पाणी उडून जातं, पातळी उतरते आणि माणूस वरून पुन्हा खारं पाणी ओततो. आटलेल्या आमटीत कुणी पुन्हा मीठ घालतं का? उडालं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच आहे. भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, आणि तीही रोज.

टाकी भरली की लगेच जीव सोडायचे नाहीत. दुधाला विरजण लागतं तसं या पाण्याला जिवाणू लागतात. ते घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे बसायलाच चार-सहा आठवडे. माशाचं तेवढ्यावर भागतं. फुलासाठी जाणकार सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात.

त्यानंतरही फुलाची मर्जी राहतेच. जागा पटली नाही तर ते तळव्यावर सरकत चालू लागतं. सकाळी दगडावर ठेवलेलं फूल रात्री पंपाच्या तोंडाशी सापडतं. जाळी बसवलेली नसेल तर पंप त्याचा चुरा करतो, विष आणि कुजकी घाण टाकीभर पसरते आणि त्या एका फुलापायी सगळी टाकी बसते.

दुकानातही फसगत होते. पांढरंशुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेलं फूल बघताक्षणी आवडतं. पण तो पांढरेपणा बहुधा उपासमारीचा असतो: आतलं शैवाल निघून गेलेलं, म्हणजे कारखाना बंद. तपकिरी, मळकट दिसणारं फूल घ्यावं. तोंड घट्ट मिटलेलं असावं. आ वासून पडलेलं फूल फुकट मिळालं तरी आणू नये.

शैवाल उष्णतेनेही पळतं. टाकीचं पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं, आणि मे महिन्यात बाहेर 42. म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र हवं, शैवालाला पुरेल असा प्रखर दिवा हवा आणि वीज गेली तर पंप चालवायला इन्व्हर्टर हवा. बंद पंपाच्या टाकीतला प्राणवायू काही तासांत संपतो.

समुद्रफुलाचं आयुष्य मुळात थोडकं नाही, म्हणून हे आणखी टोचतं. स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियल यांनी 1828 साली किनाऱ्यावरून उचललेलं एक फूल काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगलं. मालक मेले, बरणी पुढच्याकडे गेली. 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणायचे तिला. ती थंड पाण्यातली, वेगळ्या जातीची. पण समुद्राचं ताजं पाणी दाराशी होतं, हे महत्त्वाचं. घरगुती टाक्यांतली बरीचशी फुलं पहिलं वर्षही काढत नाहीत.

मासा मात्र फुलाविना सुखात राहतो. निसर्गात त्याला आसरा लागतो तो शत्रूंमुळे; टाकीत शत्रूच नाही. शिवाय त्याची पैदास आता हॅचरीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्याकडे बसवलं आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिश वाढवले जातात. अशी दोन पिल्लं आणली तर त्यांचं ती ठरवून घेतात: सगळे नर म्हणूनच वाढतात, त्यातला मोठा आणि दांडगा मादी होतो. मादी मेली तर नराची मादी होते. ('फाइंडिंग निमो' चित्रपटातल्या बापाचं काय झालं असतं, ते पोराला सांगायचं की नाही तुम्ही बघा.)

तेव्हा हट्ट पुरवायचाच तर हॅचरीतली जोडी आणा आणि फुलाच्या जागी दगडांची कपार करून द्या. जिवंत प्रवाळाच्या वाटेला तर जाऊच नका. 2001 पासून तो वाघाच्या बरोबरीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. समुद्रफूल बघायचं असेल तर हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठून मुंबईचा किंवा कोकणातला खडकाळ किनारा गाठा. पाण्याबाहेर राहिलेलं फूल जेलीच्या गोळ्यासारखं दिसतं. डबक्यातलं उमललेलं असतं. पायात जुन्या चपला घाला, आणि हात खिशात ठेवा.