बर्फातली परसबाग

काकडी ही काही राजाने हट्ट धरावा अशी वस्तू नव्हे. परंतु रोमचा बादशहा टायबेरियस याला ती रोज पानात लागे, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. त्यासाठी त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन असेल तिकडे ते ढकलत न्यायचे आणि थंडीत त्यांवर पारदर्शक दगडाचे पातळ पत्रे घालायचे. झाडाला ऊब देण्याआधी ऊन शोधावे लागते, हे त्या माळ्यांना पक्के ठाऊक होते. मला ते चाळिशी उलटल्यावर आणि तेही माझ्या वडिलांकडून कळले.

आमचे अण्णा साताऱ्याचे. घरामागे परसू, त्यात अळू, कढीपत्ता, जास्वंद आणि पावसाळ्यात दोडक्याचा मांडव. २०२३च्या उन्हाळ्यात आई गेली आणि अण्णांना त्या घरात एकटे ठेवणे आम्हा बहिणींच्या जिवावर येऊ लागले. माझी पुण्यातली जागा दोन खोल्यांची. ताई कॅनडात, एडमंटनला. ऑक्टोबरात ती येऊन त्यांना घेऊन गेली.

एडमंटन म्हणजे उत्तर अक्षांश साडेत्रेपन्न. अण्णा पोहोचले आणि थोड्याच दिवसांत अंगण पांढरे झाले. फोनच्या पडद्यावर ते नेहमी खिडकीशी बसलेले दिसत. मी विचारी, "काय करताय, अण्णा?" ते म्हणत, "काही नाही. बर्फ बघतोय." ताई मागून हळूच सांगे, "दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत गं."

भावोजी इंजिनियर. त्यांनी यावर इंजिनियरी उपाय काढला. मागच्या अंगणात एक काचघर बांधायचे, आत शेगडी बसवायची आणि भर जानेवारीत अण्णांना त्यांचा कढीपत्ता, त्यांची मेथी मिळवून द्यायची! बेत झकास होता. ताईने तर कुंड्यासुद्धा आणल्या.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "जावईबापू, तुमच्या अंगणात ऊन कुठं पडतं?"

वीस वर्षे त्या घरात राहूनही हे कुणाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामाला लागले. शेजाऱ्याच्या आवारात, अंगणाच्या बरोबर दक्षिणेला, स्प्रूसचे एक झाड होते, सुमारे दहा मीटर उंच. आकाश निरभ्र असले की अण्णा भर दुपारी बाहेर पडत आणि त्या झाडाच्या सावलीचे टोक जिथे पोहोचले असेल तिथे बर्फात बांबूची एक काडी रोवत. काडीला तांबड्या लोकरीचा तुकडा. मौज अशी की तिथली खरी दुपार घड्याळातल्या बाराला होतच नाही. थंडीत सूर्य डोक्यावर यायला पाऊण वाजतो. डोक्यावर म्हणायचे एवढेच! २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. एडमंटनला फक्त १३ अंश. तेवढ्याशा उंचीच्या सूर्याने त्या दहा मीटरच्या झाडाची सावली पडते ४३ मीटर लांब. म्हणजे अख्खे अंगण आणि वर ताईचे घर, सगळेच तिच्या वाटेत. पहिल्या काड्या अंगणात रोवताच येत नव्हत्या. त्यांनी त्या घराच्या भिंतीवर खडूने मांडल्या.

जानेवारी २०२४मध्ये एडमंटनच्या परिसरात पारा शून्याखाली चाळिसाच्याही पलीकडे उतरला. ताईने दार अडवले. अण्णा म्हणाले, "पाच मिनिटांत येतो. आजची सावली उद्या मिळायची नाही."

महिन्याभराने वही भावोजींपुढे आली आणि इथे खरी पंचाईत झाली. काचघराची भिंत कितीही चांगली घेतली तरी तिच्यातून घराच्या भिंतीपेक्षा कितीतरी अधिक ऊब बाहेर जाते. समजा, पैसे मोजून ती भरून काढली. पण उजेडाचे काय? दिवस दहा तासांहून लहान झाला की बहुतेक पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, असा जाणत्या बागाइतांचा अनुभव आहे. एडमंटनला ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहानच असतो. म्हणजे शेगडी पेटवून आपण फक्त झाडे जिवंत ठेवणार, वाढवणार नाही. त्यातून अंगणात झाडाची सावली.

याउलट आपले लेह पाहा. तिथेही हिवाळ्यात पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. पण अक्षांश ३४, आकाश स्वच्छ आणि ऊन कडक. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि दक्षिणेला प्लॅस्टिकचा कागद, एवढ्यावर लडाखी कुटुंबे शेगडीशिवाय भर हिवाळ्यात पालेभाजी काढतात. थंडी दोन्हीकडे आहे. ऊन एकाच ठिकाणी आहे.

ताईचे म्हणणे वेगळे होते. हे सगळे हिवाळ्यासाठीच तर चालले होते! उन्हाळ्यात अण्णा रमतीलच, जानेवारीचे काय? दिवे लावू, बिल येईल ते येऊ दे. फोनवर माझ्यापाशी रडली. मीही तिच्या बाजूने बोलले. अण्णांनी आम्हा दोघींना एकाच वाक्यात गप्प केले: "नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद ठेवायचं. जमीनसुद्धा तेव्हा निजते."

मार्च लागला तशी सावली भराभर मागे हटू लागली. ९ मार्चला तिचे टोक घराच्या भिंतीपासून आठ फुटांवर आले. अण्णांनी तिथे शेवटची काडी रोवली आणि जागा ठरली. घराच्या दक्षिण भिंतीला पाठ लावून, पडवीसारखे, बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद.

मेच्या सुट्टीत मी तिकडे गेले ती फळ्या धरायला. कविता शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा जबाबदारीचे काम कुणी दिले नाही, आणि ते बरोबरच होते. काचेऐवजी दुहेरी पॉलिकार्बोनेटची तावदाने घेतली. मधल्या हवेच्या थराने ऊब टिकते. छपराचा उतार तीव्र ठेवला, नाहीतर बर्फाच्या ओझ्याने ते खचायचे. घराच्या छपरावरचे बर्फ नेमके त्याच्यावर घसरू नये म्हणून ज्या भिंतीकडे पागोळ्या नाहीत तीच निवडली होती. जमिनीत सभोवार फोमचे जाड तक्ते पुरले, कारण गोठणारी माती फुगते आणि खांब उचलते. आत भिंतीलगत काळ्या रंगाचे पाण्याचे पिंप मांडले. दिवसा ते तापायचे आणि रात्री ऊब परत द्यायचे.

मला सर्वांत नवल वाटले ते वरच्या झडपेचे. तिला एक नळी जोडलेली असते आणि नळीत मेण. ऊन चढले की मेण फुगते, दांडा सरकतो, झडप उघडते. गार झाले की मिटते. वीज नाही, माणूस नाही. ही झडप चैन नव्हे. मार्चमध्ये बाहेर शून्याखाली पाच अंश असताना आत तिशी गाठली जाते आणि रोपे थंडीने नव्हे, उकाड्याने मरतात.

लागवडीत चुका झाल्याच. मेच्या सुरुवातीला चार दिवस ऊन पडले म्हणून भावोजींनी टोमॅटोची रोपे बाहेर लावली. एका रात्रीच्या दहिवराने सगळी काळी पडली. मेअखेरचा राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा सुट्टीचा सोमवार उलटल्याखेरीज नाजूक रोप बाहेर काढू नये, हा तिथला रिवाज उगाच नाही. सप्टेंबरच्या मध्याला पुन्हा दहिवर येतेच. अण्णांची फजिती कोथिंबिरीने केली. जूनमध्ये तिथला दिवस सतरा तासांचा; कोथिंबीर आणि पालक त्याने बावचळतात आणि पानांआधीच तुऱ्यावर येतात. कांद्याचेही तसेच. आपल्याकडच्या जाती लहान दिवसाच्या; तिथे रोप पुरते वाढण्याआधीच गड्डा धरू लागते आणि हाती लसणीएवढी गाठ येते. तिथे लांब दिवसाचीच जात लावावी लागते. उलट वाटाणा, कोबी, बीट आणि बटाटे उघड्या वाफ्यात असे माजले की ताईने शेजारी वाटले. भेंडी, वांगी, मिरची, काकडी मात्र आतच. कढीपत्ता कुंडीत, थंडीत त्याचा मुक्काम घराच्या दक्षिण खिडकीत.

मार्च २०२५च्या मध्यावर, रात्री उशिरा, माझा फोन वाजला. पडद्यावर काही दिसेना. तावदानांवर दव धरले होते. मग अण्णांची बाही आली, तिने एक वर्तुळ पुसले. वर्तुळापलीकडे गुडघाभर बर्फ. फोन खाली वळला तसे ओळीत उगवलेले पालकाचे दोन-दोन दलांचे अंकुर दिसले. अण्णा अर्धा तास बोलत होते. मला दुसऱ्या दिवशी सकाळी साताचा तास होता, पण ते मी सांगितले नाही.

यंदा त्यांनी ऑक्टोबरातच पिंप रिकामे केले, गोठून फुटू नयेत म्हणून. काचघराला कडी लागली. दिवाळीचा फराळ पोचला का, हे विचारायला मी परवा फोन केला, तर ताई म्हणाली, "अण्णा बाहेर आहेत." थोड्या वेळाने ते आले, कानटोपी न काढताच बोलू लागले.

"अगं, शेजाऱ्याने ते झाड पाडलं! आता सगळ्या काड्या पहिल्यापासून रोवायला हव्यात. तांबडी लोकर संपलीय, ताईला सांग."