अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य

अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा शस्त्रक्रियेतील निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाई मागण्यासाठी दाखल झालेला, मराठवाड्यातील एक महत्त्वाचा दिवाणी खटला आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर २० फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला. शासकीय रुग्णालयातील निष्काळजीपणामुळे रुग्णाचा मृत्यू झाल्यास भरपाईचे दायित्व राज्यावर येते, हे या निकालाने स्पष्ट केले.

घटना

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक महिला प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर १३ जुलै रोजी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे तिला ताप व तीव्र वेदना सुरू झाल्या आणि प्रकृती खालावत गेली. १९ जुलै रोजी दुसऱ्या शल्यचिकित्सकाने जखम पुन्हा उघडली, तेव्हा रक्त टिपण्यासाठी वापरलेले कापड (मॉप) पोटातच राहिल्याचे व पू झाल्याचे आढळले. २४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला.

न्यायालयीन प्रवास

मृत महिलेच्या कुटुंबीयांनी राज्य शासन व संबंधित डॉक्टरांविरुद्ध दावा दाखल केला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र हा हुकूमनामा रद्द केला. शासकीय रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य उत्तरदायी ठरत नाही, अशी त्यामागील एक भूमिका होती. त्यानंतर कुटुंबीय सर्वोच्च न्यायालयात गेले.

निकाल

सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा कायम केला. निकालातील प्रमुख मुद्दे असे:

१. रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी कार्य आहे. ते सार्वभौम कार्य नाही. त्यामुळे राज्याला सार्वभौमत्वाचे संरक्षण मिळत नाही.

२. पोटात कापड राहणे हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे. अशा प्रसंगी ‘वस्तुस्थिती स्वतःच बोलते’ हे तत्त्व लागू होते.

३. दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे मृत्यू ओढवला असे मानले, तरी ती शस्त्रक्रिया पहिल्या वेळच्या चुकीमुळेच करावी लागली होती.

४. डॉक्टरने योग्य काळजी व कौशल्याने उपचार केले असतील, तर केवळ उपचार अयशस्वी झाले म्हणून त्याला निष्काळजी ठरवता येत नाही.

महत्त्व

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बेशुद्ध असतो आणि नातेवाईक बाहेर असतात. नेमकी चूक कोणी केली हे त्यांनीच दाखवावे असा आग्रह धरल्यास बहुतेक दावे फेटाळले जातील. ही अडचण या निकालाने काही प्रमाणात दूर केली. मात्र घटना आणि अंतिम निकाल यांत ३२ वर्षांहून अधिक काळ गेला.

सद्यस्थिती

या निकालापूर्वीच भरपाईचा दुसरा मार्गही प्रस्थापित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, शुल्क घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ ठरवली. खर्च विमा कंपनीने भरला असला तरी ही तरतूद लागू होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घटनेपासून साधारणतः दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. तक्रारदार राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही ती करता येते. त्यामुळे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील रहिवाशाची शस्त्रक्रिया सोलापूर, लातूर किंवा पुणे येथे झाली असली, तरी तो धाराशिवच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

ज्या रुग्णालयात सर्वांवर विनामूल्य उपचार होतात, तेथे मात्र हा मार्ग खुला नसतो. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. अशा ठिकाणी दिवाणी दावा हाच भरपाईचा प्रमुख मार्ग राहतो आणि तेथे खोडवा खटल्याचा आधार विशेष महत्त्वाचा ठरतो.

दोन्ही मार्गांत रुग्णालयातील नोंदी निर्णायक असतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरने ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते. परंतु ती डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करते, रुग्णाला भरपाई देत नाही.