इंजिनवर धावणाऱ्या खेळगाडीची बॅटरी

रेडिओ-नियंत्रित विजेच्या गाडीत मोटर चालवणारी बॅटरीच रिसीव्हरलाही, म्हणजे हातातील यंत्राचा संदेश झेलणाऱ्या भागालाही, वीज पुरवते. नायट्रो इंधनाच्या गाडीत मात्र मोटरच नसल्याने रिसीव्हर आणि चाके वळवणारे, ब्रेक लावणारे सर्व्हो यांच्यासाठी स्वतंत्र बॅटरी लागते. ही छोटी बॅटरी धावता धावता निकामी झाली, तर थ्रॉटल उघडाच राहून गाडी बेफाम सुटू शकते, आणि संदेश तुटताच थ्रॉटल बंद करणारी ‘फेलसेफ’ सोयही वीजच नसेल तर काय करणार?

निकेल-मेटल हायड्राइडचे प्रत्येकी १.२ व्होल्टचे पाच सेल जोडलेला ६ व्होल्टचा, खाली तीन व वर दोन सेल असलेला ‘हंप’ पॅक नवख्यांना पुरेसा ठरतो. दोन सेलांचा लिथियम-पॉलिमर पॅक हलका असला, तरी पूर्ण चार्ज होताच ८.४ व्होल्टपर्यंत जात असल्याने उच्च व्होल्टेजचे सर्व्हो किंवा रेग्युलेटर नसताना तो जोडणे म्हणजे सर्व्हो जाळून घेणे होय, त्यापेक्षा ६.६ व्होल्टचा लिथियम-लोह-फॉस्फेट पॅक बरा, मात्र त्याचा चार्जर वेगळा लागतो आणि सर्व्होची मर्यादा येथेही तपासावीच लागते.

इंजिनाची कंपने बॅटरीच्या जोडण्या सैल करतात, म्हणून ती स्पंजात गुंडाळून इंधनापासून सुरक्षित डबीत बसवावी, आणि प्लग ताणला जाणार नाही इतकी वायर सैल ठेवावी. सुट्या पेन्सिल सेलांचा स्प्रिंगवाला होल्डर धक्क्याने क्षणभर संपर्क सोडतो. तो शर्यतीच्या गाडीत वापरूच नये.