ओल लागलेला पुरावा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत राहिली. ती विझवायला पाण्याचा मारा चालूच होता. उष्णता, ओल, विमानाचं इंधन, जिवाणू असे डीएनएचे झाडून सगळे शत्रू तिथे एकत्र आले. माणसं गेली २,७५३. अवशेष हाती आले सुमारे २२ हजार, त्यांतले कित्येक बारीक तुकडे.

आगीत पुरावा जळतो, हे कुणालाही कळतं. ओलीची करणी मात्र दिसत नाही. पाण्यामुळे डीएनएच्या साखळीतली अक्षरं हळूहळू गळतात आणि अक्षर गळालं की तिथेच साखळी तुटते. उष्णतेनं हे आणखी भरभर होतं. ओलाव्यावर पोसलेल्या जिवाणूंची विकरंही साखळी कापत सुटतात. मातीतल्या ह्युमिक आम्लाची तऱ्हा निराळी. ते प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढणाऱ्या विकरालाच अडवतं. पुरावा शाबूत असूनही मग वाचता येत नाही.

ओळख पटवण्याच्या नेहमीच्या चाचणीत ठरावीक जागी एकच छोटा मजकूर किती वेळा आलाय, ते मोजतात. त्यासाठी साधारण १०० ते ४५० अक्षरांचा सलग तुकडा लागतो. पोथीच्या चिंध्या झाल्यावर लांब ओळ अखंड सापडणं जसं कठीण, तसंच हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या जॉन बटलर यांनी मग मोजायची जागा तीच ठेवली आणि तिच्या आजूबाजूचा भाग छाटला. या ‘मिनी-एसटीआर’ पद्धतीनं मनोऱ्यांतल्या अनेक अवशेषांना नावं मिळाली. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएच्या पेशीत शेकडो प्रती असतात, म्हणून तो जास्त तग धरतो. पण त्यातून कळते ती फक्त आईकडची वंशरेषा.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण कोकणातल्या जुलैत सगळं अडतं ते पिशवीपाशी. रक्तानं माखलेला ओला सदरा प्लास्टिकमध्ये सीलबंद केला, की आत ओल कोंडते आणि बुरशीचं फावतं. तो उन्हापासून दूर, वाऱ्यावर नीट वाळवून कागदी पाकिटात घालायला हवा. मुद्देमालाच्या खोलीला गळती असेल, तर पुढच्या महागड्या यंत्रांचं कौतुक मला तरी फारसं वाटत नाही.

न्यूयॉर्कचं काम अजून संपलेलं नाही. हाडातल्या खनिजाला चिकटून डीएनए बराच टिकतो, म्हणून हाडं द्रव नायट्रोजननं गोठवून त्यांची पूड करतात आणि जुन्या तुकड्यांचीही पुन्हा चाचणी घेतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये आणखी तिघांची ओळख पटल्याचं जाहीर झालं. सुमारे १,१०० जणांची अजून पटायची आहे. त्यांच्या अवशेषांवर पुढे अधिक चांगली पद्धत वापरता यावी, म्हणून ते वाळवून जपून ठेवले आहेत.